बावीस फेऱ्यांचा धबधबा

निघायच्या आधी बायकोने प्लंबरची झडती घेतली. आधी खिसे, मग पाठीवरची पिशवी, मग मोजे. डाव्या मोज्यात एक छोटा पाना निघाला. शर्टाच्या खिशात पांढऱ्या टेपचं रीळ, आणि पाकिटात, जिथे शहाणी माणसं बायकोचा फोटो ठेवतात तिथे, रबराचे चार वायसर. तिने सगळा ऐवज एका ताटलीत काढला आणि ताटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"वायसर तरी राहू दे," प्लंबर म्हणाला. "त्यांचं काय वजन होतंय?"

"आपण कुठे चाललोय?"

"धबधबा बघायला."

"धबधब्याला वायसर लागतो?"

यावर प्लंबरकडे उत्तर नव्हतं. ते त्याला दुपारी चारच्या सुमारास मिळणार होतं, पण सकाळी सहा वाजता कुणाला काय सुचतं.

लग्न ठरलं तेव्हा प्लंबरने तिला हा धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी निघायच्या दिवशीच एका दवाखान्याची टाकी फुटली. चौथ्या वर्षी बसमध्ये बसल्यावर फोन आला, प्लंबर पुढच्या थांब्यावर उतरला आणि बायको त्याच्या पुढच्या. नवव्या वर्षी ते जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत पोहोचले होते, पण चहाला थांबले त्या टपरीचा नळ गळत होता. मधल्या काळात बायकोची ताई आपल्या नवऱ्याबरोबर जाऊन आली. दोघांचा धबधब्यासमोरचा फोटो ताईने मोठा करून बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या कपाळावर आपटेल अशा बेताने लावला होता. ही बहिणीकडे गेली की ताई पाण्याचा पेला हातात देताना न चुकता विचारायची, "तुमचं कधी?"

बायकोला नवऱ्याच्या धंद्याचा राग होता असं मात्र नाही. त्या धंद्यात तिचा निम्मा वाटा होता. तो गच्चीवर टाकीचं चाक फिरवायचा आणि ती खाली मोरीत नळापाशी उभी राहून ओरडायची, "आलं. गेलं. गढूळ आलं. थोडं वाढवा." एकोणीस वर्षांत त्या दोघांचं जेवढं बोलणं झालं त्यातलं बरंचसं असंच झालं होतं, मधे दोन मजले ठेवून. इतर नवरा-बायको तेवढं अंतर न ठेवता बोलतात आणि म्हणून भांडतात.

"आज एका जरी नळाला हात लावलात," दाराला कुलूप घालताना ती म्हणाली, "तर मी महिनाभर ताईकडे राहायला जाईन. आणि तुम्ही रोज तिकडेच जेवायला यायचं. त्या फोटोखाली बसून."

"नाही लावत."

"छत्री कशाला घेतलीत?"

"ऊन लागतं."

हे तिला पटलं. मिटलेल्या छत्रीत दांड्याला सुतळीने मोठा पाना बांधलेला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि प्लंबरची तब्येत ठणठणीत होती.

बस तीन वाजून गेल्यावर डोंगरावर पोहोचली. सकाळी निघालेली बस तीनला का पोहोचते हे बसला विचारावं. फाटकावर मोठी पाटी होती. 'निसर्गाचा अखंड चमत्कार. वेळ : सकाळी दहा ते सायंकाळी पाच.' अखंड चमत्काराला कचेरीची वेळ कशी, हा प्रश्न रांगेतल्या एकालाही पडला नाही. सहलीला निघालेला माणूस डोकं घरी ठेवून येतो, आणि ते ठीकच आहे, नाहीतर पुढच्या तीनशे चाळीस पायऱ्या कोण उतरलं असतं?

धबधबा फाटकापासून दिसत नव्हता. मधे डोंगराची सोंड आडवी आली होती. पायऱ्या उतरून सोंडेला वळसा घातला की खाली कठडा होता आणि कठड्यावर उभं राहिलं की समोर तो. आवाज मात्र वरपर्यंत येत होता, सलग आणि जाडजूड. बायकोने तो ऐकला आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. प्लंबरने तो चेहरा बघितला आणि एकोणीस वर्षं आपण गाढवपणा केला असं त्याला अगदी मनापासून वाटलं. दुर्दैवाने त्याच वेळी त्याला लघवीला लागली.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "तुझे नवे सँडल आहेत, तुला वेळ लागेल. मी गाठतो तुला."

"सरळ जायचं, सरळ यायचं."

"मग काय तिथे मुक्काम करणार आहे?"

"आणि तिथला नळ गळत असेल तर?"

"गळू दे."

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती कठड्याच्या आधाराने एकेक पायरी उतरू लागली.

तिथला नळ गळत नव्हता. प्लंबरने तो दोनदा तपासला. तो बाहेर आला, समाधानाने हात पुसले आणि पायऱ्यांकडे वळणार इतक्यात त्याला आवाज आला. धबधब्याचा नव्हे. धबधब्याच्या आवाजाखाली लपलेला दुसरा, बारीक, 'सूं' असा. ज्या कानाला बायकोच्या हाका ऐकू येत नाहीत त्या कानाला हा आवाज भिंतीपलीकडूनही ऐकू येतो, हा धंद्याचा गुण आहे.

मागच्या बाजूला एक पायवाट होती आणि तिच्यावर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती. ही पाटी आपल्यासाठी असते असं प्लंबरला आयुष्यात कधी वाटलेलं नव्हतं. तो आत गेला. झाडीत पत्र्याची एक शेड होती, शेडमध्ये कवेत न मावणारा पाइप, आणि पाइपवर बसच्या स्टिअरिंगएवढं चाक असलेला लोखंडी व्हॉल्व्ह. चाकाच्या दांड्याच्या बुडातून बोटाएवढी धार उडत होती. जिथे ती पडत होती तिथे शेवाळ होतं, डबकं होतं आणि डबक्याच्या काठावर पुरुषभर उंचीचं झाड वाढलेलं होतं. झाडाच्या बुंध्यावरून प्लंबरने अंदाज बांधला, सहा-सात वर्षांची गळती.

तो दोन मिनिटं नुसता उभा राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. हात खिशात घातले, बाहेर काढले. झाडाकडे बघितलं. बायकोची आठवण केली, मेव्हणीच्या फोटोची आठवण केली. मग त्याने एक बादली भरायला किती वेळ लागेल याचा हिशेब केला, त्याला सात वर्षांनी गुणलं, आणि त्याच्याच्याने पुढे बघवेना. त्याने छत्री उघडली.

काम सोपं होतं. दांड्याभोवतीची चकती सैल करायची, आतला रबर जरा दाबून बसवायचा, पुन्हा आवळायची. पाच मिनिटं. फक्त त्याआधी व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी पाणी बंद, मग अक्कल चालू." पाइप वरच्या हॉटेलाचा असेल, प्लंबरला वाटलं, पाच मिनिटं त्यांनी भांडी घासली नाहीत तर काय बिघडतंय. तो दोन्ही हातांनी चाक फिरवू लागला.

आठ-दहा फेऱ्यांनंतर आपल्याला कमी ऐकू येतंय असं त्याच्या लक्षात आलं. डोंगरावर कान बसतात हे त्याने ऐकलं होतं. त्याने आवंढा गिळला, नाक दाबून जोर लावून बघितला, आणि काम चालू ठेवलं. अठराव्या फेरीला त्याला आपल्याच श्वासाचा आवाज यायला लागला. बाविसाव्याला चाक गच्च बसलं. धार थांबली. सगळीकडे इतकी शांतता पसरली की लांब कुठेतरी एक पाखरू खोकल्यासारखं ओरडलं तेही त्याला स्पष्ट ऐकू आलं.

खाली कठड्यावर त्या वेळी दोनशे माणसं होती. एक निवृत्त मास्तर कुणी न विचारता सगळ्यांना सांगत होते की, राजे आले नि गेले, पण हे पाणी युगानुयुगं थांबलेलं नाही. एक नवं जोडपं अगदी पुढे उभं होतं आणि त्यातला नवरा बायकोचा हात धरून म्हणाला होता, "हा धबधबा वाहतोय तोवर माझं प्रेम आटणार नाही." त्यानंतर अंदाजे दीड मिनिटात धबधबा आटला. आधी बारीक झाला, मग त्याच्या दोन दोऱ्या झाल्या, मग एक, आणि मग समोर नुसता ओला काळा कडा राहिला. नव्या बायकोने आपला हात सोडवून घेतला.

खांबावरच्या भोंग्यातून खरखर आली. "तांत्रिक कारणामुळे धबधबा थोडा वेळ," असं म्हणून आवाज थांबला. पुन्हा खरखर. "नैसर्गिक कारणामुळे. नैसर्गिक कारणामुळे धबधबा थोडा वेळ विश्रांती घेत आहे. कृपया कुणीही घाबरू नये व कठड्यावर बसू नये."

लोक तऱ्हेतऱ्हेचे तर्क करू लागले. भूकंप, हवामान, सरकार. त्या दोनशे माणसांत फक्त एका बाईला नेमकं कळलं की धबधबा कुणी बंद केला. तिने मान वर करून हाक मारली, "अहो!" आणि ती हाक समोरच्या कड्यावर आपटून डोंगरावर गेली.

शेडमध्ये प्लंबरने ती ऐकली. भोंगा वरही होता, त्यामुळे सूचनाही त्याने ऐकली होती. त्याने पाइपकडे बघितलं, पाइप जात होता त्या दिशेला बघितलं, मग चाकाकडे बघितलं. पाइप हॉटेलाचा नव्हता. पण तोवर चकती उघडलेली होती आणि आतला रबर, जो दाबून बसवायचा होता, तो त्याच्या तळहातावर शिळ्या पावाच्या चुऱ्यासारखा पडला होता. त्याने तरीही घाईघाईने दोन फेरे उलटे फिरवले. दांड्याच्या भोकातून पाणी थेट पत्र्यावर गेलं आणि तिथून प्लंबरच्या डोक्यावर आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने चाक पुन्हा बंद केलं आणि निथळत उभा राहिला.

पहिला आला तो चावीवाला. रोज पाणी सोडणं आणि बंद करणं हे त्याचं काम. त्याच्या गालावर उशीची नक्षी उमटलेली होती.

"कुणी बंद केला?"

"मी. गळत होता."

"तो गळतोच."

"सहा वर्षं?"

"सात," चावीवाला म्हणाला. "पाखरं पितात. तुमचं काय जात होतं?"

मग मॅनेजर आला. तो खालच्या केबिनमधून तीनशे चाळीस पायऱ्या पळत चढला होता, त्यामुळे बराच वेळ त्याला नुसते हातवारेच करता आले. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. "खाली दोनशे माणसं कोरडा दगड बघतायत," शेवटी तो म्हणाला. "एकजण तर दगडाचे फोटो काढतोय. तुम्ही कोण?"

"प्लंबर."

मॅनेजरने जे बोलायला तोंड उघडलं होतं ते गिळलं. त्याने प्लंबरला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जसा कुणी देवमाणसाकडे बघतो. "खरोखरचा?"

"म्हणजे हा धबधबा..." प्लंबर म्हणाला.

"पावसाळ्यात खरा असतो हो," मॅनेजर कळवळून म्हणाला. "अगदी खरा. पण पावसाळ्यात दरडी पडून रस्ता बंद असतो. रस्ता सुरू होतो तेव्हा हा बंद पडतो. मग करायचं काय? वर टाकी बांधली. रात्रभर पंपाने भरायची, दहाला सोडायची, पाचला बंद करायची. कुणाचं वाईट केलं? लोक खूश होऊन जातात. कविता लिहून पाठवतात."

"आणि दुरुस्तीला कुणी आलंच नाही कधी?"

"कोण येतंय डोंगरावर? तीन वर्षांपूर्वी एका प्लंबरला फोन केला होता. 'परवा येतो' म्हणाला. दर महिन्याला फोन केला, दर महिन्याला 'परवा'. आवाज जरा तुमच्यासारखाच होता."

प्लंबर एकदम वाकून चकतीचे आटे फार बारकाईने तपासू लागला. तो वर बघेपर्यंत शेडच्या तोंडाशी बायको उभी होती. शेवटच्या वाक्याला ती आली होती की आधीपासून होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तीनशे चाळीस पायऱ्या उतरून पुन्हा चढल्याने ती घामाने भिजली होती, आणि तो पाण्याने.

"अगं, मी फक्त..."

"मी पाठ करून उभी होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खाली पोचले ती धबधब्याकडे पाठ करून उभी राहिले. तुम्ही आलात की एकदमच बघायचं म्हणून. एकोणीस वर्षं थांबले, दहा मिनिटांनी काय होतंय. लोक मला वेडी समजत होते. मग आवाज थांबला. वळून बघितलं तर दगड."

ती ओरडली असती तर प्लंबरला सोपं गेलं असतं. ओरडण्यावर काय म्हणायचं हे त्याला पाठ होतं, यावर नव्हतं. मॅनेजर आणि चावीवाला पत्र्याकडे बघू लागले. बायकोने नाक ओढलं, पुढे आली, आणि चाकाच्या बुडाशी वाकून बघितलं.

"काय गेलंय?"

"रबर."

"दुसरा घाला."

"कुठून घालू? वायसर तू सकाळी काढून घेतलेस."

ताटली कपाटाच्या वरच्या फळीवर होती आणि कपाट पाच डोंगर ओलांडून पलीकडे. मॅनेजर म्हणाला, गावात दुकान आहे, जाऊन यायला अडीच तास, आणि आज ते बंद असतं. बायको एका दगडावर बसली. तिने आपल्या पायांकडे बघितलं. सँडल परवाच घेतले होते, खास आजच्यासाठी, जाड रबरी तळव्यांचे, डोंगरात घसरू नयेत म्हणून. दुकानात तिने चार जोड घालून बघितले होते आणि प्लंबरने बाहेर उभं राहून दुकानाच्या पन्हळीला नावं ठेवली होती.

तिने उजव्या पायातला सँडल काढून पुढे केला. "हा घ्या."

"अगं, नवा आहे."

"डावा देऊ? डाव्याने पायाला चावलंय, पण तळवा दोन्हींचा सारखाच आहे."

फळं कापायची सुरी तिच्याच पिशवीत होती. प्लंबरने टाचेतून गोल चकती कापली, मधे भोक पाडलं. बायकोने न सांगता मोबाइलचा दिवा लावून बरोबर जिथे हवा तिथे धरला. मॅनेजरने मदत म्हणून दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा तिने तो कोपराने बाजूला सारला. रबर बसला, चकती आवळली, आणि चाक उलटं फिरू लागलं. पाचव्या फेरीला खालून धो-धो सुरू झालं. बाविसाव्याला दरीतून टाळ्या ऐकू आल्या. दांड्याच्या बुडाशी एक थेंबही नव्हता. प्लंबरने तिथे बोट फिरवून कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं. चावीवाला म्हणाला, "आता पाखरांनी काय करायचं?"

चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बायको एका पायात सँडल घालून शेडपलीकडे कड्याच्या टोकापर्यंत गेली आणि तारेच्या कुंपणावरून वाकून बघून आली. वरून धबधबा दिसत नाही. पाइपातून पाणी निघतं आणि कडा संपतो तिथे दिसेनासं होतं, झालं. मोरीत याहून जास्त शोभा असते.

"दिसलं?" प्लंबरने विचारलं.

"पाणी दिसलं," ती म्हणाली.

दहा मिनिटांत एका पायाने तीनशे चाळीस पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं. पाचच्या ठोक्याला चावीवाल्याने चाक फिरवलं, दरी गप्प झाली, आणि त्याने आपली झोपायची चादर घडी करून काखेत मारली. खालून माणसं चढून येऊ लागली. मास्तर सगळ्यांना सांगत होते की पुनर्जन्म म्हणतात तो हाच. नवं जोडपं मागून येत होतं, तो बोलत होता आणि ती ऐकत होती, पण हात तिने अजून दिलेला नव्हता.

मॅनेजर प्लंबरला म्हणाला, "तुमचे किती झाले सांगा."

"काही नको," प्लंबर म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती पैसे घेतल्याने जाणारी नव्हती. "टाकीत पाणी उरलंय?"

"असेल पंधरा-वीस मिनिटांचं."

"मग हिला खाली जाऊ द्या. पोचली की मी सोडतो. फक्त हिच्यासाठी."

"पाचनंतर मी चाकाला हात लावत नाही," चावीवाला जाता जाता म्हणाला.

"तुम्ही लावायचाच नाही. रबर नवा आहे, बेताने फिरवायला हवं. मीच थांबतो."

मॅनेजरने इकडेतिकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि आपले बूट काढले. बायकोने ते घातले. पायाच्या पुढे बोटभर बूट उरत होता. "आणि मी पोचले हे यांना कळणार कसं?" तिने विचारलं. दरीत फोन लागत नव्हता.

"खाली कठड्याला लागूनच केबिन आहे, तिच्या खिडकीशी माइक आहे," मॅनेजर म्हणाला आणि तिच्या हातात किल्ली दिली. "लाल बटण दाबायचं आणि हळू बोलायचं. अगदी हळू."

ही त्याची दिवसातली शेवटची चूक. एकोणीस वर्षं ती मोरीतून गच्चीवर बोलत आली होती, हळू बोलणं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं.

पाऊण तास गेला. फाटकाबाहेर परतीच्या बस उभ्या होत्या, माणसं चहा पीत होती. प्लंबर चाकावर हात ठेवून उभा होता. मॅनेजर अनवाणी दगडावर बसला होता. मग भोंगा खरखरला आणि सगळ्या डोंगरावर घुमलं, "अहो, सोडा पाणी."

फाटकाबाहेरची दोनशे माणसं चहाचे पेले तोंडाशी धरून थांबली. मॅनेजरने डोकं दोन्ही हातांत धरलं.

प्लंबरने एक फेरा दिला. दोन. पाच.

"नाही आलं," भोंगा म्हणाला. "हां. ठिबकायला लागलंय. आलं, आलं. गढूळ आहे. सोडत राहा."

दहा. बारा.

"आता निवळ आलं. थोडं वाढवा. अजून. डाव्या बाजूला कमी पडतंय, पण ते दगडामुळे असेल. अजून वाढवा."

प्लंबरने बाविसावा फेरा पूर्ण केला आणि कान भोंग्याकडे लावला. भोंगा गप्प होता. मागे पाण्याचा आवाज येत होता आणि माइकजवळ घेतलेल्या श्वासाचा. एवढा वेळ ती गप्प राहिल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं, आणि त्याला काळजी वाटू लागली.

"तुम्हाला तिथून दिसत नसेल ना," भोंगा म्हणाला. आवाज जरा ओला होता. "वरून पांढरं येतंय. मधे एका दगडावर आपटतंय आणि फुटतंय. त्याचे बारीक तुषार इथपर्यंत, माझ्या तोंडावर. उन्हाची तिरीप आलीय, तिच्यात रंग दिसतायत. आपल्या चाळीची टाकी फुटली होती ना पाचव्या वर्षी, आणि जिन्यावरून पाणी आलं होतं? तसंच आहे. पण फार मोठं. फार छान आहे हो."

प्लंबरने बाहीने तोंड पुसलं. तो मघापासून ओलाच होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. फाटकाबाहेर नव्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला नळ दुरुस्त करता येतो?"

मिनिट गेलं. दीड गेलं. टाकीत अजून पुष्कळ पाणी होतं. मग खरखर झाली.

"अहो."

प्लंबरने मान वर केली.

"बंद करा आता. किती वाया चाललंय."

मॅनेजरने चमकून बघितलं, पण प्लंबरला यात नवल वाटलं नाही. त्याने मुकाट्याने चाक उलटं फिरवायला घेतलं, एक ते बावीस, शेवटी खांदा लावून आवळलं. दरी शांत झाली. त्याने पाना पुसला, छत्रीत ठेवला, सुतळी बांधली. संध्याकाळचं ऊन झाडावरून उतरत होतं. तो शेडमधून बाहेर पडतच होता, तेव्हा भोंगा शेवटचा बोलला.

"कुठे निघालात? ठिबकतोय अजून. अर्धा फेरा द्या."